आवडलं का, असं विचारू नका

पहाटे साडेचारच्या सुमाराला एका आजींना जीपमधून उतरवलं. अंग घामानं भिजलेलं, बोलणं असंबद्ध, नातवालाही ओळखत नव्हत्या. मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. बोटाला टोचून साखर पाहिली तर 40 च्या आसपास. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दहा मिनिटांत आजी उठून बसल्या. "मला कशाला आणलं इथं? कोंबड्या सोडायच्या राहिल्या," म्हणून नातवावरच डाफरल्या.

साखर उतरणं ही मधुमेहाच्या गोळ्यांची माहीत असलेली अडचण आहे. पण या आजींची गोळी सकाळच्या न्याहारीआधी घ्यायची होती. मग रात्री साखर इतकी का उतरावी? नातवाकडे गोळ्यांचं पाकीट होतं. मी आजींना विचारलं, "ही गोळी कधी घेता?"

"तुम्हीच काढलंय की त्याच्यावर. दिस बुडताना."

पाकिटावर दोन डोंगर होते आणि त्यांच्यामधून अर्धा वर आलेला सूर्य. शाळेत आपण सगळ्यांनी काढलेलं चित्र. माझ्या मते ती सकाळ होती. आजींच्या मते संध्याकाळ. आणि त्या दिवशी एकादशी, पोटात मूठभर शेंगदाणे.

ते पाकीट मीच काढलेलं होतं. कुठल्या कंपनीनं नाही की वरच्या कार्यालयानं पाठवलेलं नाही. तेव्हा मी ज्या दवाखान्यात होतो तिथं गोळ्या कागदात बांधून दिल्या जायच्या आणि फार्मासिस्ट त्यावर पेनानं '१–०–१' असं लिहायचा. हे आकडे आपल्याला कळतात, निरक्षर माणसाला ती नुसती काडी, भोपळा, काडी. म्हणून उत्साहानं मी चित्रांची पाकिटं बनवली, ओळखीच्या छापखान्यातून छापून घेतली. डोंगरातला सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र.

आता अकोले तालुक्यात उभं राहून बघा. (विदर्भातलं अकोला नव्हे, आमचं अकोले प्रवरेच्या काठचं.) कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सगळे मोठे डोंगर कुठं आहेत? मावळतीला. तालुक्यातल्या बहुतेक गावांत सूर्य डोंगराला टेकलेला दिसतो तो बुडतानाच. आजींनी चित्र अगदी बरोबर वाचलं होतं. चुकलं होतं ते काढणाऱ्याचं.

पण या लेखाचा विषय चित्राची चूक हा नाही. खरी बोच वेगळीच आहे. पाकिटं छापण्याआधी मी ती लोकांना दाखवली होती! ओपीडीत आलेल्या वीस-पंचवीस जणांना नमुना हातात देऊन विचारलं होतं, "कसं वाटतं? आवडलं का?" एकूण एक जण म्हणाले, "छान आहे, साहेब." एका बाबांनी तर पाकीट कपाळाला लावलं. मी खूश झालो. लोकांना विचारून काम केलं, असं सहकाऱ्यांनाही सांगितलं.

हा प्रश्न विचारणं म्हणजे काही न विचारणंच होतं, हे मला त्या पहाटे कळलं.

विचार करा, टेबलाच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण? पलीकडे दोन तास रांगेत उभं राहिलेला माणूस. त्याला औषध हवंय, परतीची एसटी गाठायचीय. अलीकडे पॅन्ट-शर्टातला डॉक्टर, स्वतः काढलेलं पाकीट हातात धरून, चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा घेऊन. त्याला कोण 'नाही कळलं' म्हणेल? आपल्याकडे पाहुण्यानं चहात साखर कमी आहे असं सांगणंसुद्धा बरं दिसत नाही.

ही निव्वळ माझी समजूत नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला बंगळुरूमधला एक अभ्यास आहे, निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. साडेचारशे मुलाखती झाल्या. लोकांना दोन पर्याय दाखवायचे आणि कोणता बरा ते विचारायचं. एक पर्याय मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः तयार केलाय, असं सहज बोलता बोलता सांगायचं. एवढ्यानं काय फरक पडला? दोन्ही पर्याय सारखेच असताना लोकांनी विचारणाऱ्याची वस्तू अडीच पट जास्त वेळा निवडली. विचारणारी व्यक्ती परदेशी आणि सोबत दुभाषा असेल, तर पाच पट. त्याहून गंमत म्हणजे, विचारणाऱ्याची वस्तू उघड उघड निकृष्ट असली तरी अनेकांनी तीच बरी म्हटली. अभ्यासाचं इंग्रजी शीर्षक मराठीत सांगायचं तर 'तुमचंच बरं!' मला ते वाचताना कपाळाला लावलेलं पाकीट आठवलं.

दुसरी चूकही तितकीच मोठी होती. मी एकच नमुना दाखवला होता. टोरांटोमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग मांडला. घरातलं तापमान नियंत्रित करणाऱ्या यंत्राचे कागदी नमुने बनवले. काही लोकांना एकच नमुना दाखवला, काहींना तीन वेगवेगळे. ज्यांनी एकच पाहिला त्यांनी त्याला जास्त गुण दिले आणि टीका करायला संकोचले. तीन पाहणाऱ्यांनी त्याच नमुन्याला कमी गुण दिले आणि मोकळेपणानं उणी काढली. कारण उघड आहे. समोर एकच वस्तू असली की तिला नावं ठेवणं म्हणजे बनवणाऱ्याला नावं ठेवणं. तीन असल्या की तुलना करता येते, कुणाचा अपमान होत नाही.

आपल्याकडच्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. बाजारात एकच विळा दाखवला तर त्या घेत नाहीत. तीन मागतात, धार बघतात, मूठ हातात बसते का ते बघतात, हवेत फिरवतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. गावठी बियाण्यांच्या कामासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री किताब जाहीर झाला. बियाण्याच्या बाबतीत आमच्या भागातला शेतकरी कधी 'आवडलं का' या प्रश्नावर जात नाही. नवं बी आलं तर एका वाफ्यात लावतो, शेजारी जुनं लावतो, दोन्हीवर तोच पाऊस पडू देतो, मग भात शिजवून खातो आणि ठरवतो. आम्ही डॉक्टर मंडळी औषधांच्या चाचणीबाबत हेच करतो. एका गटाला हे, एका गटाला ते. पण औषध ज्या पाकिटातून, ज्या खिडकीतून, ज्या शब्दांत आणि ज्या खाटेवर दिलं जातं, त्या बाबतीत मात्र आमचं काम 'आवडलं का' यावर भागतं.

त्या पहाटेनंतर मी पाकिटं परत घेतली आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीनं लागलो. तीन नमुने केले. एकावर सूर्य आणि चंद्रच, पण डोंगर काढून टाकलेला. दुसऱ्यावर कोंबडा, भाकरीचं ताट आणि दिवा. तिसऱ्यावर चित्रं नाहीतच, नुसते रंग: सकाळच्या गोळ्यांचं पाकीट पिवळं, रात्रीच्यांचं निळं. मी स्वतः विचारायचं नाही असं ठरवलं. दोन आशाताईंना सांगितलं, घरी गेलात की दाखवा. हे कुणी बनवलं ते सांगू नका. आणि 'आवडलं का' विचारायचं नाही. पाकिटात शेंगदाणे घालून द्यायचे आणि म्हणायचं, "मावशी, ही गोळी समजा. कधी घ्याल ते सांगा आणि आता किती घ्याल ते काढून दाखवा." निम्म्या घरांत कोंबडा आधी दाखवायचा, निम्म्यांत शेवटी, कारण पहिलं पाहिलेलं किंवा शेवटचं पाहिलेलं मनात जास्त बसतं. आशाताईंना हा खेळ फार आवडला. एकीनं मला हळूच सांगितलं, "सर, तुम्ही विचारता तेव्हा लोक परीक्षेला बसल्यासारखे करतात."

निकाल सांगताना टक्केवारी देत नाही. इतकी थोडी घरं मोजून टक्केवारी काढणं हा आणखी एक अपराध ठरेल. पण जे दिसलं ते स्पष्ट होतं. सर्वांत सुंदर म्हणून लोकांनी बोट ठेवलं ते रंगीत पाकिटावर, आणि सर्वांत जास्त चुका झाल्या त्याही रंगीत पाकिटाच्याच. पिवळं म्हणजे सकाळ, हे माझ्या डोक्यात होतं, कुणाच्या घरात नव्हतं. शिवाय संध्याकाळी चुलीच्या उजेडात, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना निळा आणि हिरवा यात फरक दिसत नाही, हे डॉक्टर असून मला सुचलं नव्हतं. चंद्राच्या पाकिटावर एका बाबांनी डोळे मिचकावून विचारलं, "अवसेला काय करायचं?" कोंबडा, भाकरी आणि दिवा या पाकिटाला 'लहान पोरांचं वाटतं' असं दोघातिघांनी नाक मुरडलं. तरी शेंगदाणे बरोबर काढून दाखवले गेले ते त्याच पाकिटातून.

आवडणं वेगळं, वापरता येणं वेगळं. आणि महिनाभरानंतरही वापरात असणं आणखीनच वेगळं. सुधारित चुलींची गोष्ट याच तिसऱ्या ठिकाणी अडली. ओडिशात काही वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात घरोघरी धूर कमी करणाऱ्या चुली दिल्या. लोकांनी घेतल्या, पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढं चुली नीट वापरल्याही गेल्या नाहीत आणि दुरुस्तही झाल्या नाहीत, आणि फायदा विरून गेला. चूल देतानाच्या फोटोत सगळ्या जणी हसत असतात. फोटो पहिल्या दिवसाचा असतो.

आपल्याच राज्यात हे काम फार आधी आणि फार नीट झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, याची आम्हा डॉक्टरांकडे नेहमीची उत्तरं असतात: अज्ञान, अंधश्रद्धा, भगत. त्यांनी ती उत्तरं बाजूला ठेवून लोकांनाच विचारलं. मिळालेली उत्तरं आता बऱ्याच वाचकांना माहीत असतील, तरी पुन्हा सांगण्यासारखी आहेत. एवढ्या मोठ्या इमारतीची भीती वाटते, आत वाट सापडत नाही. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. आजाऱ्याजवळ घरच्यांना थांबू देत नाहीत. आणि तिथं आमचा देव नाही. मग शोधग्रामचा दवाखाना बांधला तो आदिवासी गावासारखा, लहान लहान झोपड्यांचा, जिथं रुग्णासोबत घरचे राहू शकतात. नाव दिलं ते लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात थोडी भावनिकता वाटली होती, हे कबूल करतो. पांढरा कोट मला मेडिकल कॉलेजात फार अभिमानानं मिळाला होता. कफन आणि कोट एकाच रंगाचे, हे मनात यायला कुणी तरी बोलून दाखवावं लागलं.

त्याच संस्थेचं आणखी एक उपकरण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्याची एक साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा 50 किंवा जास्त, तर धोका. आता गावातल्या सुईणीनं हे मोजायचं कसं? घड्याळ वाचता येत नाही, साठपर्यंत मोजता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे तिला आकडे शिकवायला वर्ग भरवणं. बंग दांपत्यानं उपकरणच बदललं. मिनिटभराची वाळूची घडी आणि तिच्याबरोबर तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध द्यायचं. मोठ्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, तान्ह्यासाठी दुसरी. पुढं याच गावांत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा जो प्रयोग झाला, त्यात नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ते सगळं श्रेय मण्यांचं नाही, हे उघड आहे. पण ज्या बाईनं ते काम करायचं तिच्या हातात बसणाऱ्या वस्तू होत्या, म्हणून ते काम झालं.

माझ्या स्वतःच्या खात्यात ज्या जागी हा विचार सर्वांत कमी शिरलाय ती म्हणजे प्रसूतीची खोली. आमच्या डोंगराळ गावांतल्या जुन्या बाया उकिडव्या बसून, आढ्याला बांधलेला दोर धरून बाळंत झालेल्या आहेत. दवाखान्यात आल्या की त्यांना उंच लोखंडी टेबलावर उताणं झोपवतात, पाय रिकिबीत. ही रचना कुणाच्या सोयीची आहे? माझ्या. मला उभं राहून नीट दिसतं. पोटातल्या बाळाला खाली यायला ती मदत करत नाही.

पेरू देशात अयाकुचो प्रांतातल्या सांतियाना भागात हाच प्रश्न होता. तिथल्या डोंगरी क्वेचुआ बायका दवाखान्यात येतच नव्हत्या. 1999 मध्ये त्या भागातल्या फक्त 6 टक्के प्रसूती आरोग्य केंद्रात होत होत्या. बायांशी, सुईणींशी बोलून खोली नव्यानं मांडली गेली: धरायला दोर, टेकायला बाक, उभं किंवा उकिडवं बसून बाळंत होण्याची मुभा, घरच्या माणसांना आत प्रवेश, त्यांच्या भाषेत बोलणारी माणसं. 2007 पर्यंत हे प्रमाण 83 टक्क्यांवर गेलं. यात इतरही गोष्टींचा हात असणारच. पण आपण घरची बाळंतपणं थांबवण्यासाठी जितके कागद रंगवले, त्यात 'तुला कसं बसायला आवडेल' ही ओळ किती वेळा आली?

कागदावर आपणही मागे नाही. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, हे केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलं. 2017 च्या शेवटी आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात आईला हवी ती स्थिती घेऊ द्यावी असा विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनातही आहे. प्रत्यक्षात सोबतीण बऱ्याच ठिकाणी दाराबाहेर आणि टेबल आत. मी इथं दुसऱ्यांना दोष देत नाही. एका मुलीनं मला "खाली बसू का?" असं विचारलं होतं आणि मी "वर झोप, लवकर," असं म्हणालो होतो. माझं उकिडव्या प्रसूतीचं शिक्षण झालेलं नाही, मला जमिनीवर गुडघे टेकून काम करायची भीती वाटते. खरं कारण एवढंच आहे. जंतुसंसर्गाचं कारण आम्ही पुढं करतो, पण स्वच्छ चटई ही काही अशक्य वस्तू नाही.

न विचारता केलेल्या चित्राचा एक नमुना साऱ्या देशानं पाहिला आहे. 31 मे 2009 पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्रमय इशारा सक्तीचा झाला. खायच्या तंबाखूवर चित्र होतं विंचवाचं. दिल्लीत कुणाला तरी वाटलं असेल की विंचू म्हणजे विष, विष म्हणजे मृत्यू. आमच्या सह्याद्रीत विंचू हा खराखुरा प्राणी आहे. विंचूदंशाचे रुग्ण आम्ही दर पावसाळ्यात बघतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या उपचारावर आयुष्य घातलं. आणि आपल्याकडे पाकिटावरचं चित्र म्हणजे इशारा नसतो, छाप असते. घोडा छाप, कोंबडा छाप. तेव्हा एका तंबाखू मळणाऱ्या बाबांना मी पुडी दाखवून विचारलं, "हे काय आहे?" ते म्हणाले, "माल कडक आहे, असं." डिसेंबर 2011 पासून विंचू गेला आणि तोंडाच्या कर्करोगाची चित्रं आली. ती कुणाला 'आवडत' नाहीत, बघवत नाहीत, आणि म्हणूनच ती काम करतात. एप्रिल 2016 पासून ती पाकिटाच्या 85 टक्के भागावर आहेत. विंचवाची ती अडीच वर्षं वाचवायला किती खर्च आला असता? दोन-तीन चित्रं घेऊन कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक दुपार.

इथं माझे सहकारी हरकत घेतील. घेतातच. "लोकांना विचारलं तर ते सलाईन मागतील. इंजेक्शन मागतील. मग द्यायचं का?" हा आक्षेप खोटा नाही. साध्या सर्दीला इंजेक्शन न देणारा डॉक्टर आमच्याकडे अजून 'हाताला गुण नसलेला' ठरतो. आणि जुलाब झालेल्या पोराला सलाईन लावावं असं आईला मनापासून वाटतं, जरी मीठ-साखरेचं पाणी तितकंच गुणकारी असलं, जरी 1971 च्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो जीव त्या पाण्यावर वाचवून दाखवले असले, तरी. गोळीत काय असावं, किती मिलिग्रॅम असावं, यावर मतदान होत नसतं. ती जबाबदारी आमची आणि ती लोकांवर ढकलणं हा पळपुटेपणा होईल. पण पाणी कशात कालवायचं, पुडी एका ग्लासची हवी की एक लिटरची, घरात एक लिटर मोजायला कोणतं भांडं असतं, हे मला माहीत नाही, त्या आईला माहीत आहे. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं 1980 नंतर घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ असं माप शिकवलं, कारण चमचे घराघरांत वेगळे होते आणि बोटं सगळ्यांकडे होती. शिकवणाऱ्या बायांचा पगारही त्या आईला नंतर किती आठवतंय, किती नीट करता येतंय यावर ठरवला. 'समजलं का' असं विचारून नाही, करून दाखवायला लावून.

हेही सांगितलं पाहिजे की सरकारी आरोग्यसेवेत चांगल्या रचना नाहीतच असं नाही. कुष्ठरोगाची एमडीटीची पाकिटं बघा: मोठ्यांची, मुलांची, जास्त जंतूंच्या रोगाची, कमी जंतूंच्या रोगाची, चार रंग, आणि मागे 28 दिवसांची आखणी. आज कोणती गोळी, हे पाकीटच सांगतं. शाळेतल्या मुलींची लोहाची गोळी निळी आणि गरोदर बाईची लाल, म्हणजे मुलगी 'ही तर बाळंतिणीची गोळी' म्हणून लाजणार नाही. कुणी तरी विचार केला होता. माझं मागणं इतकंच की तो विचार सवय व्हावी, कुणा एखाद्याची हौस नव्हे.

मागणं अगदी साधं आहे. आरोग्य खात्याचं कुठलंही कार्ड, पत्रक, पाकीट, फॉर्म, मोबाइलवरचं अॅप लाखोंच्या संख्येत निघण्याआधी त्याचे किमान दोन नमुने असावेत, आणि ते ज्यानं बनवले त्यानं नव्हे, दुसऱ्या कुणी तरी, राजूरला, धडगावला, धारणीला, मोखाड्याला एखाद्या घराच्या पडवीत बसून दाखवावेत. मराठी वाचता येणाऱ्यांना नव्हे फक्त. ठाकरी बोलणाऱ्या आजींना, कोरकू बोलणाऱ्या मुलीला. मोठी चूक पकडायला पाच-सहा माणसंही पुरतात. माझा डोंगरातला सूर्य पहिल्याच घरात पकडला गेला असता. दोन बऱ्या पर्यायांतला अधिक बरा ठरवायचा असेल तर मात्र जास्त घरं लागतील आणि मोजणी नीट करावी लागेल. यासाठी सल्लागार कंपनी लागत नाही. आशाताई लागते आणि तिच्या त्या दिवसाचा मोबदला लागतो. तिच्याकडून आणखी एक काम फुकटात, असं मात्र नको. तिच्या अंगावर आधीच किती नोंदवह्या आहेत ते मी रोज बघतो.

आणि एक. नापसंती ऐकून घ्यायची तयारी लागते. पैसेवाला रुग्ण नाराज झाला तर भांडतो, तक्रार लिहितो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि जाताना सांगून जातो. गरीब रुग्ण यातलं काही करत नाही. तो "बरं, साहेब" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही. आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'उपचार सोडला' एवढं लिहिलं जातं, जणू सोडण्याचं कारण त्याच्याकडेच होतं.

पाकिटाची गोष्ट राहिली. कोंबडा, भाकरी, दिवा असलेली पाकिटं वापरायला लागून दोनेक महिने झाले असतील. आषाढातला पाऊस होता. त्याच आजी तपासणीला आल्या. साखर ठीक होती, गोळ्या वेळेवर चालल्या होत्या. मी नमुन्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. केसपेपर उचलून उठता उठता त्यांनीच पाकीट टेबलावर ठेवलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"हितं एक भोक पाडून देत जा. खुंटीला अडकवता येईल. फळीवर ठेवलं की ओल लागती, उंदीर नेतो."

आमच्या चर्चेत चित्रं होती, रंग होते, अक्षरं होती. पाकीट घरात ठेवायचं कुठं, हे तिन्ही नमुन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खिडकीवरच्या मावशींनी ऑफिसातलं पंचिंग मशीन मागून घेतलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक पाकिटाला भोक पाडून सुतळीचा तुकडा ओवून द्यायला लागल्या.